आधी मर्वान, मग खालिद

"आमच्या घराण्यात आजवर कोणी कोणापुढे मान तुकवलेली नाही," एकनाथराव पिंपळखुटे म्हणाले.

"नाना, मान खाली," मीनाक्षी म्हणाली.

त्यांनी ती खाली घातली. अमेरिकेत हर्नडनला, मुलाच्या घराच्या गराजमध्ये, गवत कापायचं यंत्र आणि बासमतीच्या पिशव्या यांच्यामध्ये मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, गळ्याशी जुनी चादर लपेटून ते बसले होते आणि सून त्यांच्या मानेवरून मशीन फिरवत होती. इथल्या न्हाव्यावर त्यांचा विश्वास नव्हता. तो बोलत नाही, ही त्यांची तक्रार. केस कापताना जो माणूस बोलत नाही त्याच्या मनात काय चाललंय, कुणी सांगावं? त्यामुळे नागपूरहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आले की त्यांचं डोकं सुनेच्या ताब्यात असे आणि घराण्याविषयीची बहुतेक महत्त्वाची विधानं ते गराजच्या फरशीकडे बघत करीत.

या विधानाचं निमित्त गुरुवारी घडलं होतं. थँक्सगिव्हिंगचं जेवण चालू असताना अदितीने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या नातीने, मसालेभाताचं भांडं पुढे सरकवत सांगितलं की तिला दमास्कसला वर्षभर राहायची फेलोशिप मिळाली आहे, जानेवारीत निघायचं आहे आणि सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. ॲन आर्बरच्या विद्यापीठात ती अरबांच्या जुन्या इतिहासात पीएच.डी. करते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. हे अरब कुठेतरी राहतही असतील आणि अभ्यास करायचा तर तिथे जावं लागेल, हे मात्र कुणी मनात आणलं नव्हतं. प्रल्हाद, तिचा बाप, "बघू" म्हणाला. या घरात 'बघू' म्हणजे नाही. प्रत्यक्ष 'नाही' हा शब्द फक्त जेवताना वाढणाऱ्यासाठी राखलेला आहे, आणि तिथे त्याचा अर्थ 'थोडं वाढा' असा होतो.

प्रल्हादच्या 'बघू'चं कारण मीनाक्षीला ठाऊक होतं. त्याच्या कंपनीला सरकारी काम मिळालं होतं. त्या कामावर जायचं तर सरकारकडून क्लिअरन्स हवा, आणि तो देण्याआधी चौकशीचा माणूस येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून जाणार: हे पिंपळखुटे कोण, यांचे नातेवाईक कुठे कुठे असतात. नागपूर, एडिसन, सनीव्हेल ही उत्तरं चालण्यासारखी होती. त्यात दमास्कस घातलं की काय होईल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. ज्यांना क्लिअरन्स मिळणार नाही त्यांचं काय, असं प्रल्हादने मॅनेजरला विचारलं तेव्हा तो इंग्रजीत जे म्हणाला त्याचा अर्थ 'बघू' असाच होता.

मीनाक्षीने मग जे करायचं ते केलं. तिने आपल्या भावाला फोन लावला. तिच्या माहेरी ती पद्धतच होती. मुलीच्या बाजूने बापाशी बोलायचं असेल तर मामाने बोलावं. आईने बोललं की भांडण होतं, मुलीने बोललं की उद्धटपणा होतो, पण मामाशी भांडता येत नाही. तो पाहुणा असतो, त्याला चहा विचारावा लागतो. सत्यजित सनीव्हेलला चिप डिझाइन करायचा आणि एरवी थँक्सगिव्हिंगला घरात बसून झोप काढायचा. तो शुक्रवारच्या विमानाने येऊन हजर झाला. भाचीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे म्हटल्यावर कसं थांबणार, असं तो म्हणाला, आणि मीनाक्षीला भरून आलं. त्याचं दुसरंही एक काम होतं हे तिला नंतर कळलं.

"झालं," ती म्हणाली आणि सासऱ्यांच्या गळ्याची चादर झटकली. "नाना, आज तुम्ही अदितीच्या बाजूने बोला हं."

"मी सत्याच्या बाजूने बोलेन," एकनाथराव म्हणाले, आणि मीनाक्षीला काळजी वाटू लागली.

*

शनिवारी जेवणं झाल्यावर सगळे फॅमिली रूममध्ये बसले. बैठक आहे असं कुणी म्हटलं नाही. टीव्ही बंद होता, त्यावरून सगळ्यांनी ओळखलं. खिडकीबाहेर डलस विमानतळावर उतरणारी विमानं एकामागून एक खाली येत होती, आणि एखादं फार जवळून गेलं की बोलणाऱ्याला थांबावं लागे. त्यामुळे चर्चेला आपोआप एक सभ्यता आली होती.

एकनाथराव रिक्लायनरमध्ये होते. प्रल्हादची धाकटी बहीण शुभा सकाळीच एडिसनहून एकटी गाडी चालवत आली होती. तिचे यजमान अरुणराव सर्दीचं कारण सांगून घरी राहिले होते. सासरच्या माणसांचा वाद असला की त्यांना सर्दी होते, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालं होतं. शुभा एका शाळेत लॅब असिस्टंट होती. ती आल्यापासून फारसं बोलली नव्हती, आणि बसली होती तेही सोफ्याच्या टोकाला, जेवणाचे डबे भरायला कधीही उठता यावं अशी.

सुरुवात सत्यजितने केली, आणि चांगली केली. हा देश स्वातंत्र्याचा आहे इथपासून निघून, इथल्या युनिव्हर्सिटीज, तिथल्या लायब्ररीज, आज अरबी येणाऱ्या माणसाला किती मागणी आहे, असं करत करत तो मुद्द्यावर आला. भाऊजींची काळजी तो समजू शकत होता, पण मुलगी चोवीस वर्षांची आहे आणि तिला परवानगी लागतच नाही. प्रल्हाद हे सगळं मांडीवर हात ठेवून ऐकत होता. त्याने एवढंच विचारलं, की परवानगी लागत नाही तर ही विचारतेय कशाला? सगळ्यांनी अदितीकडे पाहिलं. ती म्हणाली, सांगते, पण नंतर.

मग एकनाथरावांनी घसा साफ केला. वादात दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात, पण या बाबतीत तिसरी बाजू, म्हणजे ते अरब, कुणीच विचारात घेतलेले नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. हे लोक कोण, यांनी असं काय केलं की आपल्या घरातल्या मुलीने विमानात बसून तिकडे जावं?

अदितीने आजोबांना हे आधी फोनवर सांगितलं होतं. त्यावरून नागपूरच्या हास्यक्लबात, नात कुत्र्यांवर पीएच.डी. करते, अशी बातमी पसरली होती. कारण ती ज्या टोळीवर लिहिते तिचं नाव बनू कल्ब, आणि अरबीत कल्ब म्हणजे कुत्रा.

"आजोबा, आपल्याकडे कोल्हे, लांडगे आडनावं असतात ना," ती म्हणाली. "तसंच ते."

"गाढवेही आहेत," एकनाथराव न्यायबुद्धीने म्हणाले. "आमचे पोस्टमास्तर. सांग पुढे."

अदिती सांगू लागली. ती सांगते तेव्हा जमिनीवर मांडी घालून बसते आणि हाताने गालिच्यावर नकाशा काढते. मीनाक्षीला तिच्याकडे पाहताना वाटलं, या मुलीला आपण पियानोच्या क्लासला घालत होतो.

गालिच्यावर सीरियाचं वाळवंट उमटलं. इथे पामायरा, इथे दमास्कस, आणि मधल्या कुरणांत उंटांचे कळप घेऊन फिरणारे हे कल्ब. अरबस्तानातून इस्लामची फौज आली त्याच्या कितीतरी आधीपासून ते इथले, आणि त्यांतले बरेचसे ख्रिस्ती. नवे राज्यकर्ते आले, त्यांना इथलं कुणीतरी आपलं हवं होतं. दमास्कसच्या मुआवियाने कल्बांच्या सरदाराची मुलगी केली, मैसून तिचं नाव. तो पुढे खलिफा झाला आणि मैसूनचा मुलगा यझीद त्याच्यानंतर गादीवर आला. म्हणजे कल्ब हे खलिफाचं आजोळ झाले.

"मग झालंच की," एकनाथराव म्हणाले. त्यांना इतिहास आत्ता खरा वाटू लागला होता. "आजोळच्यांची चंगळ."

चंगळ होतीच. फौजेत ते, दरबारात ते. त्यांनी जुळवाजुळव करताना आपले पूर्वजसुद्धा बदलले, असं काही अभ्यासकांचं मत आहे. आधी ते स्वतःला उत्तरेच्या अरबांचे वंशज म्हणवत, पुढे राजकारणात दक्षिणेच्यांशी जमलं तेव्हा वंशावळ दक्षिणेला जोडून घेतली. एकनाथरावांनी, पूर्वज असे बदलता येतात का, असं जरा रोखून विचारलं. अदितीने सांगितलं की मेलेले असल्यामुळे ते तक्रार करत नाहीत. प्रल्हाद पहिल्यांदाच हसला, आणि हसल्याबद्दल त्याला लगेच पश्चात्ताप झाला, कारण मीनाक्षीने ते पाहिलं होतं.

"यझीद गेला," अदिती म्हणाली, "त्याचा मोठा मुलगाही थोड्याच महिन्यांत गेला. उरला खालिद, लहान. तिकडे मक्केत दुसऱ्याच माणसाने खलिफा म्हणवून घेतलं, निम्मा सीरिया त्याच्या बाजूला झुकला. आता आजोळच्यांनी काय करायचं? कल्बांचा पुढारी हस्सान होता, मैसूनच्या भावाचा मुलगा. त्याला खालिदच हवा होता."

"म्हणजे खालिदच्या बापाचा मामेभाऊ," एकनाथरावांनी बोटांवर हिशेब केला. "खालिदचा काकाच म्हणा. मामेकाका."

"तर जाबिया नावाच्या गावी सगळ्यांची बैठक बसली. किती दिवस नुसती चर्चा. बाकीचे म्हणाले, पोर काय करणार, समोर लढाई आहे, म्हातारा माणूस पाहिजे. मर्वान म्हणून होता घराण्यातला, साठीचा, अनुभवी. शेवटी तोडगा निघाला. आधी मर्वान, त्याच्यानंतर खालिद. हस्सानने मान्य केलं. मग कल्बांनी मर्वानसाठी मर्ज राहितची लढाई मारली आणि त्याला खलिफा केलं. पुढची कितीतरी वर्षं साम्राज्य त्याच्या घरात राहिलं. पुस्तकांत सगळे खलिफा सापडतात. मला त्यांना खलिफा करणाऱ्यांचं लिहायचंय. त्यांना काय वाटलं, त्यांना काय मिळालं."

ती थांबली, कारण विमान जात होतं. ते गेलं तोवर एकनाथराव रिक्लायनरमध्ये सरळ झाले होते, आणि मीनाक्षीने ओळखलं की आता सत्याची बाजू येणार.

*

एकनाथरावांना जाबिया अतिशय आवडलं. इतके लोक, इतकी हत्यारं, आणि तरी कुणी उठून गेलं नाही. मोठ्याचा मान राहिला, धाकट्याचा हक्क राहिला. हे आपल्या हाउसिंग सोसायटीला कधी जमलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात वर करून शांतता मागितली. शांतताच होती.

त्यांचा प्रस्ताव सोपा होता. आधी प्रल्हाद, मग अदिती. प्रल्हादचा क्लिअरन्स होऊन जाऊ दे, चौकशीवाले येऊन जाऊ देत, तोपर्यंत अदितीने त्या फेलोशिपवाल्यांना पुढच्या वर्षाचं सांगावं. एकदा प्रल्हादचं पक्कं झालं की ती दमास्कसला जाओ, बगदादला जाओ, कुणी अडवणार नाही. यात कुणाची हार नाही.

खोलीतला ताण एकदम उतरला. हे इतकं समंजस होतं की आपल्याला कसं सुचलं नाही, असं प्रत्येकाला वाटलं. अदिती म्हणाली, फेलोशिप पुढे ढकलता येत नाही, परत अर्ज करावा लागेल. यावर सगळ्यांनी, मग करायचा अर्ज, तुला काय कठीण, असं तिचं कौतुक केलं.

प्रल्हादने सत्यजितकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

सत्यजितला वाटत होतं ते असं. त्याची आणि मीनाक्षीची आई नागपूरला एकटी होती आणि येत्या उन्हाळ्यात तिला अमेरिकेत आणायचं होतं. सनीव्हेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये दिवसभर ती काय करणार? हर्नडनला अंगण होतं, लेक होती, देऊळ जवळ होतं. हा विषय प्रल्हादजवळ कसा काढावा, याची जुळणी तो विमानात बसल्यापासून करत होता. काल रात्री तो मीनाक्षीजवळ बोलला होता आणि ती म्हणाली होती, यांना विचार.

"तडजोड तशी फेअर आहे," सत्यजित म्हणाला. मग अदितीकडे न बघता, "एका वर्षाचा तर प्रश्न आहे, यार."

"आणि आईंना मे महिन्यात पाठवून दे," प्रल्हाद म्हणाला. "मीनाक्षी बोलली मला. खालची खोली रिकामीच असते."

कुणी काही दिलं नव्हतं आणि कुणी काही घेतलं नव्हतं. प्रल्हादने तर ते मनापासून म्हटलं होतं. सासूबाई त्याला आवडायच्या. पण मीनाक्षीने भावाकडे पाहिलं आणि भावाने गालिच्याकडे, जिथे मघाशी सीरिया होता. आपण माणूस बोलावला तो पलीकडे जाऊन बसला आणि त्याला आपल्याच आईची खोली मिळाली, हे तिच्या लक्षात आलं. आनंद झाला होता आणि राग आला होता, आणि दोन्ही एकाच भावाबद्दल असल्यामुळे तिने उठून चहा टाकला.

*

चहा आला. एकनाथरावांनी बशीत ओतून घेतला. आपली जाबिया इतक्या लवकर आटोपली याचं त्यांना समाधान होतं, आणि समाधानात माणूस पुढचं विचारतो तसं त्यांनी विचारलं, "मग तो खालिद कितव्या वर्षी बसला गादीवर?"

अदिती कपाला हात लावून बसली होती. "नाही बसला."

"नाही म्हणजे?"

"मर्वानने खालिदच्या आईशी लग्न केलं. मग भर दरबारात खालिदचा अपमान केला. आणि आपल्यानंतर आपलाच मुलगा, अब्द अल-मलिक, असं जाहीर केलं. खालिदचा नंबर आलाच नाही."

"आणि तो मामेकाका? त्याने वचन घेतलं होतं ना?"

"हस्सानने समजूत करून घेतली. त्यानेच उभं राहून अब्द अल-मलिकला मान्यता दिली." तिने मामाकडे पाहिलं नाही. ती मुद्दाम पाहत नाही, हे सत्यजितला इतकं स्वच्छ कळलं की त्याने बिस्किट खाली ठेवलं.

"आणि खालिदची आई?" मीनाक्षीने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"मर्वान झोपला असताना तिने त्याच्या तोंडावर उशी दाबली म्हणतात. खरं की खोटं, माहीत नाही. लोक सांगतात."

मीनाक्षी आत वळली. प्रल्हादने मांडीवरची उशी उचलून सोफ्याच्या मागे ठेवली. हे त्याने नकळत केलं.

"वाईट झालं," एकनाथराव म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. जाबियाची बैठक त्यांनी घरच्यासारखी मानली होती. "मग पोरानं केलं काय पुढे?"

"अभ्यास केला. किमयेचा. म्हणजे त्या काळची केमिस्ट्री. तीही दंतकथाच असेल, पण जुन्या ग्रंथांत त्याचं नाव येतं. राज्य गेलं म्हणून तिकडे वळला म्हणतात."

सोफ्याच्या टोकाकडून शुभा म्हणाली, "त्याला निदान केमिस्ट्री तरी मिळाली."

ती ज्या आवाजात 'डबे कुठे ठेवलेत' असं विचारते त्याच आवाजात बोलली होती. त्यामुळे काय बोललं गेलं हे कळायला वेळ लागला. सगळ्यात आधी कळलं ते प्रल्हादला.

नागपूरच्या धरमपेठेतलं ते भाड्याचं घर, बी.एस्सी.ला केमिस्ट्रीत विद्यापीठात नंबरात आलेली शुभा, आणि त्याच आठवड्यात त्याला अमेरिकेहून आलेलं ॲडमिशन. तेव्हाही अशीच बैठक बसली होती. तेव्हाही नाना मध्ये होते आणि त्यांनी दोन्ही हात वर केले होते. आधी प्रल्हादचं अमेरिकेचं होऊ दे, मग शुभाचं एम.एस्सी. यात कुणाची हार नाही. सगळ्यांना ते समंजस वाटलं होतं. शुभालाही. त्यानंतर अरुणरावांचं स्थळ आलं, ते फारच चांगलं होतं, आणि तिचं एम.एस्सी. कुणी नाकारलं नाही. ते फक्त परत कधी निघालं नाही.

"शुभे, तेव्हाची परिस्थिती..." एकनाथराव म्हणाले.

"हो, नाना. परिस्थिती होतीच. मी काही म्हणत नाहीये." तिने रिकामे कप एकात एक घातले. "दादा गेला, सगळ्यांचं चांगलं झालं. माझंही. मी फक्त एवढंच सांगते, की पुढच्या वर्षी म्हणून कुणी म्हणत नाही की नाही देणार. सगळे देणारच असतात."

एकनाथराव काही बोलणार होते. त्यांनी बशी उचलली, ती रिकामी होती, तरी तोंडाला लावली. आपण कोणापुढे मान तुकवली नाही हे खरं होतं, पण आपल्यापुढे कोणी कोणी तुकवली याची नोंद आपण ठेवली नाही, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी ते जाऊ दिलं, कारण वय झालं होतं आणि शुभा समोरच बसली होती.

*

बाहेर विमानं उतरतच होती.

प्रल्हादला त्या विमानांची सवय होऊन वर्षं झाली होती. एकदाच, तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात, ते दोन मनोरे कोसळले तेव्हा, ती थांबली होती. त्या शांत आठवड्यात एका सकाळी त्याने आरशासमोर उभं राहून कॉलेजपासूनची आपली मिशी काढून टाकली. गरम होतंय, असं तो मीनाक्षीला म्हणाला. तिने मान हलवली आणि विचारलं नाही. ऑफिसात कुणी काही म्हटलं नाही, उलट तरुण दिसतोस म्हणाले. कुणी काही म्हणत नव्हतं, त्याचीच त्याला भीती होती. त्यानंतर त्याने अंगणात पहिल्यांदा झेंडा लावला, मग दर संध्याकाळी तो काढून घडी करून आत आणायचा नियम वाचला, आणि तो नियम आजतागायत पाळला. चौकशीला येणाऱ्या माणसाला तो हे सगळं दाखवणार होता. आणि तो माणूस विचारणार होता, तुमची मुलगी कुठे असते.

"तू म्हणालीस नंतर सांगते," तो अदितीला म्हणाला. "परवानगी लागत नाही, तर मग विचारतेस का?"

अदितीने उत्तर तयार ठेवलं होतं. ॲन आर्बरहून येताना ओहायोच्या सरळ रस्त्यावर ते तिने मोठ्याने म्हणून पाहिलं होतं, इंग्रजीत. आता ते मराठीत आलं, आणि त्यामुळे लहान झालं.

"ते चौकशीवाले तुम्हाला विचारतील. तेव्हा तुम्हाला आधी माहीत असायला हवं. मी पळून गेले, मग तुम्हाला कळलं, असं नको." ती थांबली. "आणि जाबियात खालिदला कुणी विचारलं नव्हतं, बाबा. म्हणजे पुस्तकांत तरी कुठे नाही. त्याच्याबद्दल सगळं ठरलं, त्याला कुणी विचारलं नाही. यात तुमचंही काहीतरी ठरतंय. मग तुम्हाला विचारायला नको का?"

प्रल्हादला हे अपेक्षित नव्हतं. मघापासून तो स्वतःला मर्वान समजत होता.

"विचार मग," तो म्हणाला.

"मी दमास्कसला जाऊ?"

मीनाक्षी दारात आली होती. तिच्या हातात फडकं होतं. सासऱ्यांसमोर ती प्रल्हादला नेहमी अहो म्हणत असे आणि एकटी असताना तू. आता ती म्हणाली, "प्रल्हाद, नुसतं बघू म्हणू नकोस."

एकनाथरावांनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. म्हातारपणाचा हा एक फायदा त्यांना मिळाला होता आणि ते तो काटकसरीने वापरत.

"मला भीती वाटते," प्रल्हाद म्हणाला. इतकी वर्षं मनात असलेलं वाक्य त्याने मुलीसमोर, बहिणीसमोर आणि मेव्हण्यासमोर म्हटलं, आणि ते म्हटल्यावर छत जागेवरच होतं याचं त्याला नवल वाटलं. "नोकरीची वाटते. तुझी तिथे वाटेल. क्लिअरन्स नाही मिळाला तर मी काय करीन, मला माहीत नाही. बावन्नाव्या वर्षी कोण घेतं?" त्याने मिशीच्या जागेवरून हात फिरवला. "पण शुभाच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, ते मी इतकी वर्षं टाळलंय. बहुतेक, आधी मीच, असं म्हणालो असतो."

शुभा कपांकडे बघत होती.

"जा," तो म्हणाला. "सोमवारी कशाला, आजच कळव. चौकशीच्या त्या माणसाला मी सांगेन, माझी मुलगी दमास्कसला आहे, जुना इतिहास शिकते. कुत्र्यांचा."

"कल्बांचा, बाबा."

"तो विचारील तेव्हा स्पेलिंग देईन."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी कुणाला मिठी मारली नाही. पिंपळखुट्यांमध्ये ती पद्धत नाही. शुभाने कप उचलले आणि अदितीच्या जवळून जाताना तिच्या डोक्यावर कोपर टेकवलं, कारण हात मोकळा नव्हता. सत्यजित म्हणाला, मी तर पहिल्यापासून हेच म्हणत होतो, आणि ते सुरुवातीपुरतं खरं असल्यामुळे कुणालाही त्याचा प्रतिवाद करता आला नाही. मीनाक्षीने भावाला विचारलं, आई मेमध्ये येईल तेव्हा तिला घेऊन येणार कोण, आणि तो म्हणाला, मीच आणतो. एकनाथराव डोळे मिटून बसले होते. जाबियात आपण शेवटी कोण झालो, हे ते शोधत होते. प्रत्येक जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली होती.

अदिती गालिच्यावरून उठली. पाय आखडले होते. आता बाबांच्या जवळ जावं की नाही, गेलं तर काय म्हणावं, हे तिला कळेना. फेलोशिपच्या लोकांना लिहायचं वाक्य तिच्याजवळ तयार होतं. बापाला म्हणायचं वाक्य मात्र ओहायोभर शोधूनही सापडलं नव्हतं. ती तशीच त्याच्यासमोर उभी राहिली. प्रल्हादही उठला. त्याने खिसे चाचपले, घसा साफ केला, आणि खोलीतल्या सगळ्यांना वाटलं की आता तो काहीतरी सांगणार.

"अदिती," तो म्हणाला, "तुझी गाडी जरा काढ ना. माझ्या गाडीच्या मागेच लावलीयेस. दूध आणायचंय."